वाचायची नसलेली ओळ

माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, तेव्हाची, म्हणजे २००७ सालची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वीज गेलेली, पंखे थांबलेले, आणि साठ शिक्षक हातातल्या वह्यांनी वारा घेत बसलेले. प्रशिक्षण द्यायला आलेल्या तरुण मॅडमनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, रुब्रिक, आणि विचारलं, "कोणाला माहीत आहे?" कोणी मान वर केली नाही. मग त्यांनीच सांगितलं, की मुलाच्या कामाला गुण कशाच्या आधारे द्यायचे ते निकष ज्या तक्त्यात मांडतात, त्या तक्त्याला रुब्रिक म्हणायचं. साठ जणांनी साठ वह्यांत ते उतरवून घेतलं.

मीही उतरवून घेतलं. पण या शब्दाचे आधीचे पाच-सहा अर्थ मला ठाऊक होते, आणि त्यांतला एक मी एकदा घाईत कोणालातरी सांगून मोकळी झाले होते. जेवणाच्या सुट्टीत मी गोरक्षला फोन लावला.

"गोरक्षभाऊ, त्या शब्दाचा आणखी एक अर्थ निघाला."

 तो म्हणाला, "बाई, नका सांगू. मला आता कुठे झोप लागायला लागलीय."

गोरक्ष खैरनार मूळचा सटाण्याकडचा. नाशिक रोडला बिटको चौकापासून थोडं आत कोंडाजी सांगळे यांचा छापखाना होता, तिथे तो खिळे जुळवायचा. शिशाची सुटी अक्षरं खणाखणांतून उचलायची आणि उलट्या क्रमाने ओळीत बसवायची, हे काम. मी जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका तिथे छापल्या जात. प्रुफं बाहेर नेता येत नसत, म्हणून मी तिथेच एका स्टुलावर बसून तपासायची. त्या स्टुलावरून मी गोरक्षला दहा-बारा वर्षं पाहिलं. पण त्याला बसलेला मात्र मी फारसा पाहिला नाही.

तो चहा पिताना येरझाऱ्या घालायचा. बोलत असला तरी त्याची बोटं मांडीवर काहीतरी जुळवत असायची. एकदा रक्तदान शिबिराच्या हस्तपत्रकात वार चुकला होता. बुधवारऐवजी गुरुवार. चूक मजकूर आणून देणाऱ्याची होती, आणि तारीख बरोबर होती. पत्रकं तोवर खांबांवर चिकटवून झाली होती. गोरक्ष पेन घेऊन निघाला आणि बिटकोपासून जेलरोडपर्यंत एकेका खांबापाशी थांबून वार दुरुस्त करत गेला. कोंडाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "रक्त द्यायचं सोडून हा स्वतःचंच आटवतोय." कोंडाजींनी त्याला ओरडायचं आणि त्याने ऐकल्यासारखं करायचं, असा त्या छापखान्याचा शिरस्ता होता.

१९९८ चा मार्च महिना. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि लग्नसराई दोन्ही एकाच वेळी छापखान्यात येऊन पडलेल्या. त्यातच देवळाली कॅम्पच्या बाजूच्या एका लहानशा चर्चचे पाळक एक हस्तलिखित देऊन गेले. पाळकांचं नाव रविराज. तिशीचे, उत्साही, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्या चर्चमधली उपासनेची जुनी पुस्तकं पानं गळून गळून संपली होती, आणि त्यांतली भाषा तरुण मुलांना कळत नसे. म्हणून त्यांनी रविवारच्या उपासनेची सोळा पानी पुस्तिका सोप्या मराठीत स्वतः लिहून काढली होती. ईस्टरच्या आधी दोनशे प्रती हव्या होत्या. हस्तलिखितात काही ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघ होती, आणि पहिल्या पानाच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की सर्व रुब्रिक लाल शाईत छापावेत.

दोन रंगांत छापायचं म्हणजे तेच पान मशीनखालून दोनदा न्यायचं. आधी काळं, मग नेमक्या त्याच जागी लाल. छापखान्यात मशीनं दोन. मोठं मशीन काळ्याला. पायाने चालवायच्या लहान ट्रेडलवर लाल शाई चढवलेली होती, पण ती लग्नपत्रिकांसाठी, आणि पत्रिकांची रांग एप्रिलअखेरपर्यंत होती.

"शेठ, ही लाल ओळींची..." गोरक्षने विषय काढला.

"नवरदेवांना सांगू का, चर्चचं काम निघालंय, बोहल्यावर पुढच्या महिन्यात चढा?" कोंडाजी म्हणाले. "सगळं काळ्यात मार. काळ्यात छापलं म्हणून देव काय रागावतोय होय?"

पाळक त्या आठवड्यात गावी गेले होते. विचारायला दुसरं कोणी नव्हतं. गोरक्ष ते पान घेऊन माझ्या स्टुलापाशी आला.

"बाई, हाई काय शे?" अस्वस्थ झाला की त्याच्या तोंडी सटाण्याची बोली यायची. त्याने त्या शब्दावर शाईचं बोट ठेवलं.

माझ्या पिशवीत एक लहान शब्दकोश असायचा. मी पान काढून वाचून दाखवलं. शीर्षक, मथळा. नियम. सूचना. रूढी. सदर, वर्ग.

"एका नावावर एवढे भाऊ?" तो म्हणाला. "मग यातला कोणता बसवू?"

माझ्यासमोर आठवीच्या गणिताचं प्रुफ होतं आणि त्यात समीकरणाची एक बाजूच गळलेली होती. "पहिला अर्थ मुख्य असतो. शीर्षक धरा."

तो गेला नाही. "पण बाई, 'येथे सर्वांनी उभे राहावे.' हे कसलं शीर्षक?"

"असतील त्यांची तशी शीर्षकं," मी मान वर न करता म्हणाले. "तुम्ही ती ठळक करा म्हणजे झालं. आणि ते गणिताचं दुसरं पान द्या आधी."

त्याने ठळक खिळे घेतले. पुस्तिका सुबक झाली. पाळक गावाहून आले तेव्हा दोनशे प्रती बांधून तयार होत्या. लाल नाही म्हटल्यावर ते थोडे हिरमुसले, पण ठळक ओळी उठून दिसत होत्या आणि दिवस कमी होते. ते प्रती घेऊन गेले.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, पुस्तिका पहिल्यांदा वापरली. सोमवारी सकाळी पाळक छापखान्यात आले, आणि हसावं की नाही अशा चेहऱ्याने त्यांनी घडलेलं सांगितलं.

त्यांच्या मंडळीत वत्सलाबाई आढाव नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत होतं. उपासनेत एका जागी मंडळीने एक वाक्य एका सुरात म्हणायचं आणि मग गप्प राहायचं, असा क्रम होता. मंडळीने वाक्य म्हटलं. त्याच्याखाली ठळक ओळ होती. दोन-चार जणांनी तिचाही पहिला शब्द उच्चारला आणि ते थांबले. थांबले, कारण शेजारचा थांबल्याचं त्यांना ऐकू आलं. वत्सलाबाईंना ते ऐकू आलं नाही. सगळं चर्च शांत असताना त्या एकट्या खणखणीत आवाजात वाचत राहिल्या, "येथे सर्वांनी क्षणभर पूर्ण शांतता पाळावी."

"मुलं आधी हसली," पाळक म्हणाले. "मग मोठी माणसंही. मी स्वतः पुस्तकाआड तोंड लपवलं, खोटं कशाला बोलू? त्यांना हसणं ऐकू गेलं नाही. पण हलणारे खांदे दिसले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि बाहेर गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर म्हणाल्या, आता मी घरीच प्रार्थना करीन."

कोंडाजी मोठ्याने हसले. गोरक्ष हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "साहेब, त्या ओळी होत्या तरी काय?"

"रुब्रिक," पाळक म्हणाले. "म्हणजे उपासना करणाऱ्यांना सूचना. फार जुनी पद्धत आहे. जे काळं ते म्हणायचं, जे लाल ते करायचं. लाल ओळ कोणी वाचत नाही. तिच्याप्रमाणे वागतात."

त्या दिवसांत आमची शाळा सकाळची होती. साडेबाराला मी फाटकाबाहेर आले तर गोरक्ष समोर उभा. छापखान्यातल्या मळक्या सदऱ्यावर, उन्हात, पायांत चपला वेगवेगळ्या.

"बाई, तुम्ही शीर्षक म्हणाला होतात."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मी सरळ शाळेच्या वाचनालयात परत गेले आणि मोठा कोश काढला. तिथे सगळं होतं. मुळात लाल मातीवरून आलेला शब्द. जुन्या हस्तलिखितांत लाल शाईने लिहायचे मथळे. मग कायद्याच्या कलमाचं शीर्षक. मग नियम. उपासनेच्या पुस्तकातली सूचना. आणि शेवटून दुसरा अर्थ असा, की प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरच्या सूचना.

तो अर्थ वाचताना माझेच कान गरम झाले. 'खालीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा.' आमची निम्मी मुलं ही ओळ इमानेइतबारे उत्तरपत्रिकेत उतरवून काढतात आणि मग उत्तराला सुरुवात करतात. पंचवीस वर्षं मी त्यांना सांगत आले होते, अरे, ती ओळ लिहायची नसते, पाळायची असते. आणि छापखान्यातल्या स्टुलावर हे मला आठवलं नव्हतं.

"आमच्या आजोबांच्या हाताची एक पोथी होती," गोरक्ष म्हणाला. वाचनालयातल्या दोन कपाटांमध्ये त्याच्या येरझाऱ्या चालू होत्या. "त्यात 'ऋषी म्हणाले', 'राजा म्हणाला' एवढंच गेरूने लाल केलेलं असायचं. वडील ते वाचताना आवाज खाली आणायचे. मी लहानपणापासून पाहिलंय, बाई. मला कळायला पाहिजे होतं."

"मलाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आम्ही दोघं कॅम्पच्या बसने वत्सलाबाईंकडे गेलो. एकट्याने जायला तो बिचकत होता, आणि वत्सलाबाईंशी पाटीवर लिहून बोलावं लागतं असं पाळकांनी सांगितलं होतं. "तुमचं अक्षर चांगलंय," गोरक्ष म्हणाला. बसमध्ये जागा असून तो दांडीला धरून उभाच राहिला.

बाजारामागे दोन खोल्यांचं घर. दार उघडं होतं, आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा असा टांगलेला, की दाराकडे पाठ करून बसलं तरी कोण आलं ते दिसावं. बाई भेंडी चिरत बसल्या होत्या. आरशातच पाहून म्हणाल्या, "विम्याचे असाल तर आल्या पावली जा."

मी दाराशी टांगलेली पाटी घेतली. लिहिलं, 'मी शिक्षिका. हे गोरक्षभाऊ. पुस्तिका यांनी छापली.'

त्यांनी चष्मा नीट केला, वाचलं आणि गोरक्षला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हा? मला वाटलं चांगला जाडजूड पापी असेल."

गोरक्ष तोंडासमोर हात धरून भराभर बोलायला लागला. चूक माझी आहे, शाई नव्हती, शेठ म्हणाले, असं सगळं.

"हात काढ तोंडापुढचा. ओठ दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि मास्तरीणबाई, याचं सगळं लिहू नका, खडू संपेल. याला काय हवंय तेवढंच लिहा."

मी लिहिलं, 'तुमची प्रत द्या. त्या ओळी लाल करून आणतो म्हणतात.'

त्यांनी विळी बाजूला सरकवली. "एकट्या माझ्या पुस्तकात लाल? ढ मुलाला वेगळ्या बाकावर बसवतात, तसं?"

गोरक्षने पुढे केलेला हात मागे घेतला.

"नऊ वर्षं झाली कान जाऊन," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात तापामुळे. मी म्हणते तोफांमुळे. इथे राहून लष्कराच्या सरावाचे एवढे बार ऐकले, कान म्हणाले आता पुरे. बाजारात, बसमध्ये, पोराच्या घरी, सगळीकडे मी बहिरी म्हातारी. फक्त रविवारी तास-दीड तास मी तशी नव्हते. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, उत्तर कधी द्यायचं, माझं एकदाही चुकलं नाही. जुन्या पुस्तकात सगळं लाल होतं ना. मंडळीला ठाऊक होतं की मला कमी ऐकू येतं. काहीच ऐकू येत नाही, हे त्या पुस्तकालाच ठाऊक होतं." त्यांनी परत भेंडी हातात घेतली. "आता सगळ्यांना कळलं. ते तू कोणत्या शाईने पुसणारेस, बाबा?"

चहा मात्र त्यांनी पाजला. गोरक्षने तो उभ्यानेच प्यायला.

परतीच्या बसमध्ये तो पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आला. कंडक्टर म्हणाला, "काका, पायी चालायचं होतं तर तिकीट कशाला काढलं?" नाशिक रोडला उतरल्यावर गोरक्ष म्हणाला, "बाई, दोनशेच्या दोनशे करायला पाहिजेत. एकट्या त्यांच्या प्रतीत लाल केलं तर ते बहिरीचं पुस्तक होईल. सगळ्यांच्यात केलं तर ते नुसतं पुस्तक होईल."

पण काळ्यावर लाल चढत नाही. ठळक काळ्या अक्षरांवर लाल मारलं तरी ती काळीच राहतात. रात्री त्याला झोप लागली नाही, असं त्याच्या बायकोने, मीनाने, मला नंतर सांगितलं. सकाळी त्याला मार्ग सुचला होता. ओळ आहे तशीच ठेवायची आणि तिच्या डाव्या बाजूला, समासात, लाल उभी रेघ छापायची. पितळी पट्टी उभी बसवायची की झाली रेघ. जिथे रेघ, तिथे वाचायचं नाही, करायचं.

कोंडाजींनी ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "दुपारी जेवणाच्या सुट्टीत ट्रेडल तुझं," ते म्हणाले. "पण एक लग्नपत्रिका जरी उशिरा गेली ना, गोरक्ष, तर त्या नवरीच्या बापासमोर तुला उभा करीन. आणि जेवून घे. उपाशी पायाने ट्रेडल चालत नाही."

बुधवारी दुपारी आम्ही पुन्हा कॅम्पला गेलो. गोरक्षच्या हातात छापखान्यात जास्तीची राहिलेली एक प्रत होती. तिच्यात त्याने लाल पेन्सिलीने समासात रेघा ओढल्या होत्या. त्याने ती वत्सलाबाईंसमोर ठेवली आणि या वेळी हात खाली ठेवून, ओठ नीट हलवत म्हणाला, "हे प्रुफ आहे. मला तुमच्या उपासनेतलं काही कळत नाही. कुठे रेघ पाहिजे, कुठे नको, तुम्ही तपासून द्या."

मी पाटी उचलली होती, पण लिहावं लागलं नाही.

त्या पहिल्यांदा नको म्हणाल्या. पाळकांना विचार म्हणाल्या. मग नुसतंच बघते म्हणून पहिलं पान उलटलं, आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या. "ही रेघ चुकीची. हे म्हणायचं असतं." मग पेन्सिल मागितली. पुढचा पाऊण तास त्या सोळा पानांवर वाकून बसल्या होत्या. दोन रेघा त्यांनी खोडल्या, तीन नव्या ओढल्या. दहाव्या पानावर त्यांनी चष्मा काढला. "इथे बसायचं असतं. तुमचा पाळक माणसांना बसवायचंच विसरलाय. त्याचे गुडघे तरुण आहेत, त्याला काय! त्याच्या आधीच्या चार पाळकांबरोबर उठाबशा काढल्यात मी." आणि दहाव्या पानाच्या समासात त्यांनी बारीक, गोल, नर्सच्या वहीतल्या अक्षरात लिहिलं, 'येथे सर्वांनी बसावे.'

निघताना मी पाटीवर लिहिलं, 'रविवारी येणार ना?'

त्यांनी पदराच्या टोकाने पाटी पुसली. "पत्रिकेचं प्रुफ तपासलं म्हणजे लग्नाला आलंच पाहिजे असं नाही."

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. पाळकांनी सगळ्या प्रती परत पाठवल्या होत्या. मी आणि मीना सुरीच्या टोकाने पिना उचकटत होतो आणि पानं सुटी करत होतो. गोरक्ष जेवणाच्या डब्याला हात न लावता ट्रेडल मारत होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली की त्याने रेघांचा फर्मा, म्हणजे पट्ट्या जुळवलेली चौकट, काढायचा आणि पत्रिकेचा चढवायचा. 'येथे सर्वांनी बसावे' ही नवी ओळ त्याने लहान खिळ्यांत जुळवली आणि लालच छापली. साऱ्या पुस्तिकेतली तेवढीच खरी लाल ओळ.

"आमच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेला यांनी एवढे कष्ट घेतले नव्हते," मीना पिना गोळा करत म्हणाली. "त्यात माझ्या बापाचं नावसुद्धा वाकडं बसलं होतं."

"वाकडं नव्हतं," गोरक्ष मशीनवरून म्हणाला. "कागद वाकडा कापलेला होता."

"हो, आणि माझा बापही."

गोरक्षला हसू आलं, पण पाय थांबले नाहीत. दर दहा-पंधरा कागदांनंतर तो एक उचलून उजेडात धरायचा. रेघ ओळीच्या नेमकी शेजारी आहे ना, केसभर वर तर नाही ना. मी म्हटलं, "इतकं कोण बघणार आहे?" तर म्हणाला, "ज्याला ऐकू येत नाही, तो बघतो." शनिवारी दुपारी एकशे नव्व्याण्णव प्रती बांधून झाल्या. दोनशेवी वत्सलाबाईंच्या घरी होती. ती मागायला निरोप पाठवायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ठरवलं कसलं, तो म्हणाला आणि मी गप्प राहिले.

ईस्टरच्या सकाळी आम्ही चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो. सगळीकडे फुलं होती आणि नव्या कपड्यांचा वास येत होता. पाळकांनी सुरुवातीलाच सांगितलं, की रेघेशेजारची ओळ वाचायची नाही, आणि रेघा कोणी तपासल्या हेही सांगणार होते, पण गोरक्षने आदल्या दिवशीच त्यांचे हात धरले होते. "साहेब, नाव घेऊ नका. नाव घेतलंत की पुन्हा सगळे त्यांच्याकडेच बघतील."

डावीकडच्या तिसऱ्या बाकावरची कडेची जागा, पाळकांनी दाखवलेली वत्सलाबाईंची, रिकामी होती. पहिलं गीत झालं. दुसरं झालं. गोरक्ष बसला होता, पण बाकाच्या कडेवर, आता उठेल असा. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. माझ्याच एका बेफिकीर वाक्याने रिकामी झालेली ती जागा मला दिसत होती.

वाचन चालू असताना त्या आल्या. निळं लुगडं, हातात पुस्तिका. कोणाकडे न बघता जाऊन तिसऱ्या बाकावर बसल्या. बाकाच्या टोकाला प्रती ठेवल्या होत्या, त्यातली एक त्यांनी उचलली आणि स्वतःची पिशवीत घातली.

मग ती जागा आली. मंडळीने वाक्य म्हटलं, वत्सलाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि मग सगळे थांबले. त्याही थांबल्या. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणाला. पलीकडच्या बाकावरच्या दोन मुली मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी पुस्तकावरून नजर काढली नाही. शांतता फार लांबल्यासारखी वाटली. माझ्या शेजारी गोरक्षच्या बोटांची मांडीवरची हालचाल तेवढी चालू होती.

दहाव्या पानावर सगळी मंडळी एकदम बसली. मागच्या म्हाताऱ्या मंडळींतून एक सुस्कारा ऐकू आला.

पण शेवटचं गीत संपायच्या आधीच वत्सलाबाई उठल्या आणि आमच्या बाकाजवळून निघून गेल्या. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, बरं वाटलं असेल ना त्यांना?" गोरक्षने बाहेर आल्यावर विचारलं. "की सणाचा दिवस म्हणून आल्या फक्त? पुढच्या रविवारी येतील ना?"

मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. घाईने उत्तर द्यायची माझी हौस फिटली होती.

पुढच्या रविवारी तो एकटाच बसने कॅम्पला गेला. मला हे मीनाकडून कळलं. चर्चच्या फाटकापाशी उभा राहिला, वत्सलाबाई आत जाताना दिसल्या, आणि आत न जाता परत आला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. एका रविवारी त्या आल्या नाहीत, तर घरी येऊन जेवला नाही. नंतर कळलं, त्या मुलाकडे गेल्या होत्या. मीना वैतागली होती. "लोक तीर्थाला जातात ते आत जायला. हे फाटकाचं दर्शन घेऊन येतात."

जूनच्या सुरुवातीच्या एका रविवारी मीच त्याच्याबरोबर गेले. म्हटलं, एकदा त्यांना पाटीवर स्पष्ट विचारून टाकू आणि याचे हेलपाटे थांबवू. आम्ही फाटकाशी उभे होतो. वत्सलाबाई आल्या, नेहमीच्या चालीने. दोन पावलं पुढे गेल्या आणि वळल्या. मला वाटलं होतं की त्यांनी आम्हाला पाहिलं नाही.

"किती रविवार बघतेय मी तुला," त्या म्हणाल्या. त्यांचं हळू बोलणंही रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. आत जाणारी चार माणसं थांबून बघायला लागली, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. "आत यायचं तर आत ये, नाहीतर घरी जाऊन बायकोला भाजी निवडून दे. सोळाच्या सोळा पानं पाठ आहेत मला. फाटकात उभं राहावं, असं एकाही ओळीत लिहिलेलं नाही."

गोरक्ष माझ्याकडे बघायला लागला. मी पाटी आणली होती, पण तिच्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. उपासनेची घंटा झाली. वत्सलाबाईंना ती ऐकू आली नाही. पण आत माणसं उभी राहताना त्यांना दारातून दिसली, आणि त्या लगबगीने आपल्या बाकाकडे गेल्या.

आम्ही बसस्टॉपवर आलो. बस यायला अर्धा तास होता. तिथे सिमेंटचा एक कट्टा होता, उन्हाने तापलेला. गोरक्षने त्यावरची धूळ हाताने झटकली आणि तो बसला.